वारा खाण्याचे शास्त्र

माणसाने साठीला आल्यावर काय करावे, यासंबंधी आमच्या पेठेत चांगली एकवाक्यता आहे. पहाटे पर्वती चढावी, दुपारी वामकुक्षी करावी, संध्याकाळी कट्ट्यावर बसून 'आपण मुलांच्या संसारात मुळीच लक्ष घालीत नाही' हे एकमेकांना तासभर सांगावे, आणि वारा खाऊन दिवेलागणीला घरी परतावे. या यादीत फटफटी घेणे कोठेच बसत नाही. त्यामुळे २०२२ साली बँकेतून निवृत्त झाल्यावर मी लांब पल्ल्याची एक दणकट मोटारसायकल दारात आणून उभी केली, तेव्हा पेठेने ती बातमी एखादे जमलेले लग्न मोडल्याच्या आवाजात एकमेकांना सांगितली.

"वाऱ्यासाठी घेतली," मी कट्ट्यावर खुलासा केला. "तुम्ही खाता तो पेठेतला शिळा वारा. आम्ही ताजा खाणार."

वाचकहो, मी वारा खायला निघालो आणि वाऱ्यानेच मला कसे खाल्ले, त्याची ही हकीकत आहे. दिवाळीचा फराळ आटोपून तुमच्यापैकी कितीतरी जण डबलसीट बाहेर पडतील. ही हकीकत वाचून त्यांतल्या चार जणांचे कान वाचले, तरी माझी शाई कारणी लागली असे मी समजेन.

आमच्या सौ.चे मला कौतुक वाटते ते हे, की सारी पेठ नाके मुरडीत असताना ती पदर खोचून, नव्हे, जाकिटाची साखळी गळ्यापर्यंत ओढून माझ्यामागे बसली. हेल्मेटही तिने विनातक्रार घातले. पुण्यात राहून हेल्मेटविषयी तक्रार न करणे ही किती मोठी गोष्ट आहे, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगून कळायचे नाही. कोल्हापूर झाले, गणपतीपुळे झाले, साताऱ्याच्या पुढे ठोसेघरावरून चाळकेवाडीच्या पठारावर जाऊन पवनचक्क्या पाहून झाल्या. ती मागे बसून बोलत असे. मी "हं, हं" म्हणत असे. लग्नाला पस्तीस वर्षे झाल्यावर याहून अधिक संभाषणाची अपेक्षा कोणी करीत नाही.

गाडीला मूळची काच वीतभर उंचीची होती. काच म्हणायचे आपले, असते ती प्लास्टिकची. ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगाला वारा सरळ छातीवर येई आणि संध्याकाळी खांदे भरून येत. तेव्हा मी बाजारातून चांगली दीड हात उंच काच आणून बसवली. छातीवरचा वारा एकदम थांबला. मी खूष झालो. पण छाती निवांत झाली आणि डोक्याचा खुळखुळा झाला. हेल्मेट धरून कोणी अदृश्य माणूस ते डावी-उजवीकडे गदागदा हलवतो आहे, असे वाटे. कानांत तर पावसाळ्यात पत्र्याखाली उभे राहावे तसा धडधडाट. 'एवढी मोठी काच लावूनही हे. मग काच नसती तर काय झाले असते!' असे म्हणून मी स्वतःचे समाधान करून घेई. माणूस आपल्या मूर्खपणाला पैसे मोजल्यावर असेच समाधान करून घेत असतो.

हळूहळू सौ. मागे बसून बोलेनाशी झाली. चहाला थांबलो की मी विचारी, "कसं वाटतंय?" ती म्हणे, "बरं आहे." आणि गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी मी जाकीट चढवीत असताना ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी नाही येत आता. मान दुखते."

मान दुखते हे खरेच होते. पण ते सांगताना तिने माझ्याकडे पाहिले नाही, हे मला खटकले.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. पाच वर्षांची नात रात्री मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "आजोबा, सशाची सांगा."

"कशाची?"

"सशाची!"

"तेच विचारतो, कशाची?"

पोरीला वाटले मी थट्टा करतो आहे. तिसऱ्या वेळी तिचे डोळे भरून आले. सूनबाई मधे पडली म्हणून उलगडा झाला. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मला प्रथमच नीट जाणवले, की आपल्या कानांत एक बारीक शिट्टी अखंड वाजते आहे. ती कित्येक महिने वाजत होती. मी ती शेजारच्यांच्या पंख्याची समजत होतो.

कानाच्या डॉक्टरांनी मला एका बंद पेटीसारख्या खोलीत बसवून बारीकबारीक सूर ऐकवले आणि कागदावर एक आलेख काढला. आलेखाची रेघ निम्म्याहून अधिक वाट सरळ चालत आली होती आणि चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"कारखान्यात होता का?" डॉक्टरांनी विचारले.

"बँकेत होतो."

"बँकेत एवढा आवाज?"

"मार्चअखेरीला असतो थोडा."

"ढोलपथकात जाता?"

"नाही. फटफटीवर जातो."

डॉक्टरांनी मान डोलावली. ते म्हणाले, इंजिनाच्या आवाजाला लोक उगीच बोल लावतात. वेगात जाणाऱ्या स्वाराचे कान बिघडवतो तो हेल्मेटभोवती घोंगावणारा वारा. ताशी शंभरच्या आसपास हेल्मेटच्या आत आवाज पंचाण्णव डेसिबलच्या घरात जातो, कधी त्याहूनही वर. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचा दंडक असा, की ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसाला फार तर आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे! पुणे-कोल्हापूर पंधरा मिनिटांत होत नाही, हे मी त्यांना सांगण्याची गरज नव्हती.

"गेलं ते परत येईल का?"

"नाही. आतल्या कानातल्या त्या केसांसारख्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. बारीक आवाज आधी जातात. स, श, थ, फ ही अक्षरं. राहिलंय ते सांभाळा."

घरी आलो तो गाडी विकायचा निश्चय करूनच. सौ.ला सांगितले तर ती म्हणाली, "विकायची घाई नको. आधी पुतण्याला विचारा." हे मला अनपेक्षित होते.

पुतण्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात वारा आणि पाणी कसे वाहते, ते मुलांना शिकवतो. रविवारी तो आला, गाडीवर बसला, उतरला, काचेच्या कडेवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "काका, तुम्हाला वारा लागत नाहीये. तुम्हाला मोडलेला वारा लागतोय."

"म्हणजे?"

"सरळ वाहणारा वारा माणूस सोसू शकतो. तो नुसता ढकलतो. सपाट पाटीवर ताशी ऐंशीला चौरस मीटरमागे साधारण तीस किलोचा रेटा येतो, शंभरला सत्तेचाळीसचा. रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वीस किलोमीटरनं एवढा फरक पडतो. पण तो रेटा एकसारखा असतो. काचेच्या काठावर तोच वारा फाटतो, आणि मागे भोवरे सुटतात. एक या अंगाला, एक त्या अंगाला, पाळीपाळीनं. फॉन कारमान नावाच्या शास्त्रज्ञानं या जोडभोवऱ्यांचं गणित १९११-१२ सालीच मांडून ठेवलंय. तुमचं डोकं नेमकं त्या भोवऱ्यांच्या रांगेत आहे."

मला अजून चित्र दिसेना. तेव्हा तो म्हणाला, "चाळकेवाडीला पवनचक्क्या पाहिल्यात ना? त्या एकीच्या पाठीमागे लगेच दुसरी अशा का लावत नाहीत? पुढच्या पात्यांनी घुसळलेला वारा मागचीला मिळाला तर ती नीट चालत नाही आणि झिजते लवकर. म्हणून मध्ये पात्यांच्या व्यासाच्या पाच-सातपट किंवा त्याहूनही जास्त जागा सोडतात. तुम्ही मात्र काचेमागे दोन फुटांवर स्वतः बसलात आणि तुमच्यामागे काकूंना बसवलंत."

इतका वेळ सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "अरे, हे म्हणजे पुलाच्या खांबासारखं झालं. आमच्या आजोळी ओढ्यावर पूल होता. खांबाच्या पुढं पान टाकलं तर ते वाहून जायचं. खांबाच्या मागं टाकलं तर उलटं फिरून खांबाकडंच यायचं. आम्ही तासन् तास पानं टाकत बसायचो."

पुतण्या तिच्याकडे पाहतच राहिला. "काकू, आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हे सांगायला मला तीन तास लागतात! अडथळ्यामागे दाब कमी होतो, म्हणून प्रवाह उलटा ओढला जातो. काचेमागेही तेच. काच जितकी मोठी आणि बंद, तितकी मागची पोकळी मोठी, तितकी ओढ जास्त. काकांनी खांब जाड केला."

मग त्याने आम्हाला परीक्षेची रीत सांगितली. मोकळ्या, सरळ रस्त्यावर एका ठरलेल्या वेगाने जावे, आणि पायांवर भार देऊन बसल्या जागेवरून किंचित उठावे. डोके काचेच्या पुष्कळ वर गेले की आवाज मोठा पण एकसुरी होतो. हा स्वच्छ वारा. मग थोडे वाकावे. डोके काचेच्या आडोशाला आले की शांत वाटते. ही निवांत जागा. या दोहोंच्या मध्ये जो गोंधळाचा पट्टा लागतो तो मोडलेला वारा. डोके एकतर वर हवे किंवा खाली हवे, मध्ये नको. साऱ्या विद्येचे सार एवढेच.

"पण काकूंना काय लागतं ते तुम्हाला पुढे बसून कळणार नाही," तो म्हणाला. "त्यासाठी लोकरीचे धागे चिकटवा. विमानं तपासतात त्या वारा-बोगद्यातही हीच युक्ती असते. धागा सरळ मागे गेला तर वारा चांगला. फडफडला तर वाईट. पुढे वळला तर फारच वाईट."

लोकर आमच्या घरी मुबलक. नातीच्या स्वेटरमधून उरलेले लाल धागे सौ.ने वीतवीतभर कापले आणि काचेच्या काठाला, माझ्या हेल्मेटला आणि जाकिटाच्या पाठीला चिकटपट्टीने लावले. पेठेतून जाताना मी मिरवणुकीतल्या उंटासारखा दिसत होतो, असे कट्ट्याचे मत पडले.

शहराबाहेर वर्दळ कमी असलेला एक सरळ रस्ता पाहून आम्ही ताशी सत्तरने दोन किलोमीटर गेलो आणि थांबलो. सौ. उतरली ती वहीच काढून बसली.

"हेल्मेटवरचे धागे पुढं वळले होते," ती म्हणाली. "वारा तुमच्या मानेमागून पुढं येत होता. तुमच्या पाठीवरचे तर माझ्यापासून तुमच्याकडं चालले होते. आणि तुमची मान..." ती थांबली. "तुमची मान वारा हलवत होता?"

"मग कोण हलवणार?"

ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "साताऱ्याच्या रस्त्याला भुईंजच्या पुढं एक फाटा लागतो. माझ्या आजोळचा. दर वेळी तिथं आलं की मी तुम्हाला विचारायची, 'अहो, इथं आत वळू या का, थोडा वेळ?' आणि तुम्ही मान हलवून 'नाही' म्हणायचात."

मी काय बोलणार?

"चार वेळा विचारलं. चारही वेळा तुमची मान नाही-नाही हलली. मग सोडून दिलं."

"अगं, मला ऐकूच आलं नाही! घरी का नाही म्हणालीस?"

"घरी म्हटलं की बेत होतो. मग आधी कळवा, मग पेढे घ्या, मग ते जेवणाचा घाट घालणार. मला नुसतं वळायचं होतं."

वाचकहो, बँकेत मी तीस-बत्तीस वर्षे लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. खरी कोणती आणि खोटी कोणती, हे मला नजरेत कळे. आणि येथे माझ्या मानेने माझ्या नावावर चार वेळा खोटी सही ठोकली होती, आणि मला पत्ता नव्हता. गाडी विकण्याचा विचार मी त्या दगडापाशीच सोडला. आता ते माझ्या छंदापुरते राहिले नव्हते.

पुढचे सहा रविवार आम्ही शास्त्रज्ञ झालो. पुतण्याची ताकीद होती की एका वेळी एकच बदल करायचा, तोच रस्ता, तोच वेग, आणि वहीत नोंद. नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही. वैद्य आणि नवस एकाच आठवड्यात केल्यासारखे होते. सौ.ची वही माझ्यासमोर आहे. तिच्यातला सारांश देतो.

पहिल्या रविवारी मोठी काच काढून मूळची छोटी लावली. डोके स्वच्छ वाऱ्यात आले, थरथर गेली; पण छातीवर रेटा परतला. दुसऱ्या रविवारी एक मधल्या उंचीची काच आणली, तिचा वरचा काठ माझ्या हनुवटीच्या रेषेत. काच कधीही इतकी उंच नसावी की तिच्यातून पाहावे लागेल. पावसात आणि रात्री समोरच्या दिव्यांत ती आंधळी होते. काचेवरून पाहता आले पाहिजे. थरथर निम्मी झाली.

तिसरा रविवार आमचा दिवाळीचा दिवस ठरला. पुतण्याच्या सांगण्यावरून आमच्या मिस्त्रीने काचेच्या चारही बोल्टांखाली नायलॉनचे बुश आणि रबरी वायसर घालून काच बोट-दीड बोट पुढे घेतली, म्हणजे खाली दिव्यापाशी एक फट राहिली. मी म्हणालो, "अरे, वारा अडवायला काच लावायची आणि तिच्याखाली वाऱ्याला वाट ठेवायची, हे कुठलं शहाणपण?" पण गंमत तीच आहे. त्या फटीतून थोडा वारा काचेच्या मागून वर चढतो, तेथली पोकळी भरतो, आणि वरून फाटून येणारा वारा आत ओढला जात नाही. खांबाला मध्येच भोक पाडले तर मागचा भोवरा मरतो, तसे. सौ.च्या नोंदीत त्या दिवशी एकच वाक्य आहे : 'हेल्मेटचे धागे सरळ मागे. मान स्थिर.' स्थिर या शब्दाखाली दोन रेघा आहेत.

बोल्ट बेताने आवळावेत, हे मात्र लक्षात ठेवा. जोर केला की प्लास्टिकला भोकापाशी तडा जातो. आणि काच हलवल्यावर हॅण्डल दोन्ही अंगांना पुरते वळवून पाहावे, कोठे घासत नाही ना.

चौथ्या रविवारी काचेच्या काठावर एक छोटा ओठ बसवून पाहिला. आवाज घटला, पण आडवा वारा आला की पुढचे चाक चुळबुळ करू लागले, म्हणून काढून टाकला. मोठ्या आडोशाला आडवा वारा धरतो, हा धडा जुनाच आहे. इटलीतील मोटो गुझी कंपनीने मंदेल्लो देल लारियो या गावी १९५० मध्ये मोटारसायकलींसाठी स्वतःचा वारा-बोगदा बांधला होता. त्या काळी शर्यतीच्या गाड्यांना पुढचे चाक झाकून टाकणारी भलीमोठी कवचे असत. वेग त्याने वाढे. पण आडव्या वाऱ्यात गाडी हाती राहीना, तेव्हा शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९५७ च्या हंगामानंतर त्यांवर बंदी घातली. पुढे १९७६ मध्ये बी.एम.डब्ल्यू.ने आर १०० आर.एस. ही गाडी आणली, तिचे कवच पिनिनफारिनाच्या वारा-बोगद्यात तपासून घडवलेले होते. त्यात वेगाइतकाच स्वाराच्या आरामाचाही विचार होता. आमचा बोगदा म्हणजे पुण्याबाहेरचा दोन किलोमीटर रस्ता आणि उपकरणे म्हणजे लाल लोकर. पण जात तीच, असे पुतण्या म्हणतो.

पाचव्या रविवारी कपडे पाहिले. फडफडणारे जाकीट पट्ट्यांनी आवळले. सौ. थोडी पुढे सरकून बसली, त्यामुळे आमच्या दोघांमधली जागा भरली आणि तेथे घुसणारा वारा थांबला. हा बदल मात्र वहीत नोंदवण्याचे तिने नाकारले.

सहाव्या रविवारी कानांत घालायच्या मऊ बोळ्यांची परीक्षा झाली. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत दाबून धरायचा. नीट बसला तर आवाज वीस ते तीस डेसिबलने उतरतो. काचेने डोक्याची थरथर जाते, पण हेल्मेटभोवतीचा आवाज पुरता जात नाही. त्याला हाच उपाय. मला भीती होती की हॉर्न ऐकू येणार नाही. पण माझा अनुभव असा, की वाऱ्याचा गलका खाली बसल्यावर हॉर्न उलट वेगळा उमटतो. शहरात शिरलो की मी ते काढून ठेवतो. आणि वेग? पूर्वी शंभरला जात असे, तेथे आता ऐंशी. रेटा एक-तृतीयांशाहून जास्त उतरतो आणि पोचायला फार तर चहाच्या एका कपाइतका उशीर होतो.

तुम्ही म्हणाल, आता हेल्मेटमध्ये बोलायची यंत्रे मिळतात, ती का नाही घेतलीत? पुतण्याने तीही सुचवली होती. पण मूळचा धडधडाट तसाच ठेवून वर यंत्राचा आवाज चढवायचा, म्हणजे कानाला दोन मार. आधी घर झाडावे, मग रांगोळी काढावी.

फाल्गुनात आम्ही पुन्हा साताऱ्याच्या रस्त्याला लागलो. खंबाटकी चढलो, उतरलो, सुरूर मागे पडले. भुईंज जवळ आले तशी मी गाडी डावीकडे घेऊन वेग उतरवला. मागून काही ऐकू आले नाही. ती विचारील म्हणून मी वाट पाहत होतो; मला उत्तर द्यायचे होते. आणखी थोडा वेग कमी केला. पन्नास. चाळीस. फाट्याची पाटी दिसू लागली, तेव्हा खांद्यापाशी आवाज आला :

"अहो, वळायचं का?"

मी मान हलवली. वर-खाली. चांगली तीनदा.

गावात तिच्या मामी एकट्याच राहतात. वय सत्त्याऐंशी. ओसरीवर बसून त्यांनी सौ.ला जवळ घेतले आणि पहिले वाक्य बोलल्या ते असे, की "मोठ्यानं बोल गं, मला ऐकू येत नाही." सौ.ने माझ्याकडे बोट दाखवून सांगितले, "यांनाही नाही." त्यामुळे आमचे दोघांचे फार छान जमले. त्या मला दुसऱ्याच कोणाची तरी हकीकत सांगत होत्या आणि मी तिसऱ्याच गोष्टीला मान डोलावत होतो. जेवणाचा घाट त्यांनी घातलाच.

निघण्याआधी सौ. मला ओढ्यावर घेऊन गेली. पूल तोच आहे. पाणी बेताचेच होते, पण खांबापाशी वाहते होते. तिने करंजाचे एक पान तोडले आणि खांबाच्या मागच्या अंगाला अलगद सोडले. पान जरा घुटमळले, अर्धा फेरा घेतला आणि प्रवाहाच्या उलट खांबाकडे निघाले.

"बघा," ती म्हणाली.

कानातली शिट्टी चालूच होती. ती आता जन्माची सोबतीण आहे. पण पाणी वाजत होते तेही मला ऐकू येत होते, आणि तिने आणखी एक पान तोडले त्या देठाचा आवाजसुद्धा. राहिले आहे ते एवढे आहे, आणि ते सांभाळायचे आहे.